नवी बॅटरी टाकली तरी दर शनिवारी गाडी बंद, शेवटी काय निघालं ते सविस्तर

ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत या एका प्रॉब्लेमने मला पार हैराण केलं होतं म्हणून सगळं एकाच जागी लिहून ठेवतो, कारण आमच्याच सोसायटीत अजून दोघांना हाच त्रास होऊन राहिला आहे अन् दोघंही तेच करून राहिले आहेत जे मी केलं, म्हणजे जम्प मारायचा (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावून आपली चालू करायची), आठवडा काढायचा, परत जम्प मारायचा आणि शेवटी वैतागून नवी बॅटरी आणायची. बॅटरी कशामुळे उतरून राहिली ते कळल्याशिवाय बॅटरी बदलू नका, मला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळा त्याचा तपशील आहे.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, सहा वर्षं जुनी, बॅटरी ३५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर करंट साधारण ३५ तास पुरेल एवढी). राहतो नागपुरात मनीषनगरकडे, ऑफिस झिरो माइलजवळ, आणि मेट्रो झाल्यापासून जयप्रकाशनगरहून मेट्रोनेच जातो, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज गाडी घालावीशी वाटत नाही. त्यामुळे गाडी रविवारी रात्री पार्किंगमध्ये लावली की थेट शनिवारी सकाळी निघते, कधी रामटेक, कधी कोराडी, कधी नुसतंच सासुरवाडीला धरमपेठेत. आणि दसरा झाल्यावर असं व्हायला लागलं की शनिवारी सकाळी चावी फिरवली की टक-टक-टक-टक, मीटरचे लाइट मिचमिच करायचे, घड्याळ शून्यावर, गाडी मेलेली. गंमत म्हणजे एखाद्या आठवड्यात मी बुधवारी कुठे गेलो असलो तर शनिवारी बरोबर चालू व्हायची. त्यामुळे मला वाटायचं की प्रॉब्लेम येतो-जातो, पण तो येत-जात नव्हता, तो रोज रात्री होताच, फक्त गाडी किती दिवस उभी आहे त्यावर दिसायचा की नाही ते ठरत होतं. हे मला खूप उशिरा कळलं.

आधी आवाज ऐका, कारण अर्धं निदान तिथेच होतं. सेल्फ मारल्यावर भराभर टकटक होऊन राहिली अन् लाइट मंद होत असतील तर बॅटरीत दम नाही किंवा टर्मिनल सैल आहे. एकदाच ‘ठक’ असा आवाज येऊन शांत झालं आणि हेडलाइट मात्र झक्क लागत असतील तर सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच), सेल्फ मोटर किंवा तिकडे जाणारी जाड वायर पाहा. काहीच आवाज नाही पण लाइट चांगले आहेत, तर क्लच पूर्ण दाबलाय का (बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फच घेत नाहीत), ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्किंगमध्ये आहे का, आणि मीटरवर चावीचं किंवा गाडीचं चिन्ह मिचमिच करतंय का, म्हणजे इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये का, ते पाहा. आणि सेल्फ मस्त जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीच्या मागे लागूच नका, तो पेट्रोल किंवा स्पार्कचा मामला आहे, उगाच सेल्फ मारमारून चांगली बॅटरी उतरवून बसाल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचं, सेल्फ मोटर फार लवकर तापते.

बटण स्टार्टवाल्या गाडीत बॅटरी पूर्ण गेली की दारच उघडत नाही, तेव्हा घाबरू नका, रिमोटच्या पोटात एक छोटी लोखंडी चावी लपलेली असते ती बाहेर ओढायची. रिमोटचाच सेल गेला असेल तर बहुतेक गाड्यांत रिमोट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी ओळखते.

आता जम्प मारायचा कसा. हे आपल्याकडे सगळ्यांना येतं असं सगळे म्हणतात, पण मी आमच्याच पार्किंगमध्ये चुकीच्या पद्धतीने लावलेल्या केबलची ठिणगी डोळ्यासमोर उडताना पाहिली आहे म्हणून लिहितो. दोन्ही गाड्या बंद, एकमेकांना टेकलेल्या नाहीत, दोन्ही १२ व्होल्टच्या. ट्रक किंवा बसची सिस्टिम २४ व्होल्टची असते, तिच्यावरून कधीच नाही, गाडीची सगळी इलेक्ट्रॉनिक्स जाईल. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, मग काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनवरच्या एखाद्या उघड्या लोखंडी बोल्टला, बॅटरीपासून लांब. हे शेवटचं टोक लोक थेट बॅटरीच्या मायनसला लावतात आणि तिथेच धोका असतो, कारण शेवटचं कनेक्शन करताना ठिणगी उडतेच आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. बिडी-सिगारेट पेटवून बॉनेटवर वाकणारे महाभाग असतात, त्यांना लांब उभं करा. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरी फुगलेली असेल, फुटलेली असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर जम्प मारायचाच नाही, तिला हातच लावू नका.

केबल लावल्यावर चांगली गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या, मग आपली चालू करा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चार वेळा त्यांची गाडी लावून दिली, एकदा तर सकाळी साडेसहाला, त्यांचे उपकार आहेत. चालू झाली की केबल उलट्या क्रमाने काढायच्या. आणि केबल घेताना जाड घ्या. बाजारात बरेचदा वरून जाड रबर अन् आत दोऱ्याएवढी तार असते, ती गरम होते पण गाडी चालू होत नाही, मग लोक म्हणतात बॅटरीच गेली.

धक्का मारून चालू करायची असेल तर मॅन्युअलच हवी, इग्निशन ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबून ठेवा आणि वेग आला की झटक्यात सोडा. पण बॅटरी इतकी गेली असेल की मीटरवर एकही लाइट लागत नाही, तर आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीला कितीही धक्का मारा, तिच्या कॉम्प्युटरला अन् पेट्रोल पंपाला करंटच नाही मग ती पेटणार कशी. जम्पच मारावा लागतो. ऑटोमॅटिकला धक्क्याने चालू करायच्या भानगडीत पडू नका, क्लच पेडल नसलेल्या एएमटीलाही नाही. इंजिन बंद असलं की ब्रेकला अन् स्टिअरिंगला मदत मिळत नाही हेही ध्यानात असू द्या, उतारावर तर फार.

घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून जम्प मारणारे पण आपल्याकडे आहेत. तीही १२ व्होल्टची असते त्यामुळे चालू होते, पण ती आधी इन्व्हर्टरपासून पूर्ण सोडवावी लागते आणि दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी ॲसिडसकट जिन्यावरून खाली आणणं हे एकट्याचं काम नाही. उलटं मात्र अजिबात करू नका, म्हणजे गाडीची छोटी बॅटरी इन्व्हर्टरला चार्जिंगला लावणं, त्याचा चार्जर मोठ्या बॅटरीसाठी दहा-पंधरा अँपिअर ढकलतो अन् ३५ ची बॅटरी उकळायला लागते. तिला साडेतीन अँपिअरच्या आसपास, म्हणजे क्षमतेच्या एक दशांश, हळूहळू रात्रभर चार्ज करायचं.

आणि इथेच माझी पहिली चूक झाली. जम्प मारून गाडी चालू झाली की मी इथून त्रिमूर्तीनगरला जाऊन यायचो, अर्धा तास, आणि समजायचो की झाली चार्ज. नाही होत. पूर्ण उतरलेली बॅटरी अर्ध्या तासात भरत नाही, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) सुरुवातीला जोरात भरतो पण बॅटरी जसजशी भरते तसतशी ती कमी करंट घेते, शेवटचा हिस्सा भरायला तर तासन्‌तास लागतात, त्यात एसी, लाइट, सगळं चालू. म्हणजे मी दर शनिवारी अर्धवट भरलेली बॅटरी घेऊन परत आठवडाभर उभी करत होतो. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं अन् तिची क्षमता कायमची कमी होते. दहा वेळा पूर्ण उतरली की नवी बॅटरीसुद्धा म्हातारी होते.

नोव्हेंबरमध्ये एका दुकानात गेलो, त्यांनी नुसतं पाहून सांगितलं की भाऊ तीन वर्षं झाली, बॅटरीचं आयुष्य संपलं, नवी टाका. टाकली. तीन वर्षांची बॅटरी आपल्याकडे जाऊ शकते त्यामुळे मलाही पटलं. दोन आठवड्यांनी नवी बॅटरी शनिवारी सकाळी मेलेली. परत गेलो तर म्हणाले बॅटरी ठीक आहे, तुम्हीच लाइट चालू ठेवला असेल. बॅटरी खरंच ठीक होती, पण बाकी गाडी पाहायची तसदी कोणी घेतली नाही, ना त्यांनी ना मी.

मग मी साडेपाचशे रुपयांचा एक डिजिटल मल्टिमीटर आणला अन् खऱ्या अर्थाने तिथून काम सुरू झालं. हा मीटर प्रत्येक गाडीवाल्याच्या घरी असावा असं मला मनापासून वाटतं.

पहिलं माप, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी दार न उघडता, बॉनेट आधीच सैल करून ठेवलेलं, बॅटरीच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव उरली आणि ११.८ च्या खाली म्हणजे संपली. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा खोटा जास्त दिसतो, मग हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा अन् थोडं थांबून मोजा. दुसरं, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तेव्हा व्होल्ट पाहा, ९.६ च्या खाली धाडकन कोसळत असेल आणि बॅटरी भरलेली असेल तर बॅटरीच कमजोर आहे. तिसरं, इंजिन चालू असताना, साधारण १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. माझ्याकडे १४.२ आलं, एसी अन् हेडलाइट लावल्यावर १३.९, म्हणजे अल्टरनेटर, ज्याला आपले मेकॅनिक अजूनही डायनॅमोच म्हणतात, तो बरोबर. फक्त नव्या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे एकदा १२.८ दिसलं म्हणून लगेच डायनॅमो गेला म्हणू नका, सगळे लोड लावून परत पाहा.

काही जुने मेकॅनिक डायनॅमो तपासायला चालू गाडीवर बॅटरीचं टर्मिनल उचलतात, गाडी चालू राहिली तर डायनॅमो चांगला. हात जोडून सांगतो, हे करू देऊ नका. बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज उसळतं आणि ईसीएमसारखा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरसारखा, महागडा डबा उडू शकतो. जुन्या गाड्यांत असलं काही नव्हतं म्हणून चालून जायचं.

चौथं, टर्मिनल. माझ्या मायनसवर पांढरट-हिरवट भुकटी जमली होती आणि हाताने हलवलं तर किंचित हलत होतं. मला वाटलं सापडलं! गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासलं (ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही), कोरडं केलं, आवळलं, वरून व्हॅसलीन लावलं. टर्मिनल काढताना नेहमी आधी मायनस आणि लावताना मायनस शेवटी, कारण प्लस सोडवताना पाना चुकून बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेलाच असला तर सरळ शॉर्ट. सैल टर्मिनल किती फसवतं ते आकड्यात सांगतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभराच्या वर अँपिअर ओढतो. कनेक्शनमध्ये नुसता ०.०५ ओहम अडथळा असला तर १२० अँपिअरला सहा व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, सेल्फला काय उरणार. पण हेडलाइट दहा अँपिअरच घेतात, तिथे फक्त अर्धा व्होल्ट जातो, म्हणून लाइट झक्क अन् गाडी बंद. पुष्कळ लोकांची नवी बॅटरी या भुकटीपायी विकत घेतली जाते.

माझा प्रॉब्लेम मात्र यानेही गेला नाही. पुढच्या शनिवारी मीटरवर ११.६.

मग राहिलं एकच, गाडी बंद असताना कोणीतरी करंट पिऊन राहिलं आहे. याला मेकॅनिक ‘लीकेज’ म्हणतात. हे मोजायचं असं की मायनस टर्मिनल काढायचं आणि बॅटरीचा मायनस आणि काढलेली वायर यांच्या मध्ये मीटर लावायचा, डीसी अँपिअरवर, लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. मीटर लागलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेला समजा. बॉनेट अन् दार उघडं ठेवूनच काम करावं लागतं, त्यामुळे त्यांचे लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करून ठेवायचे, म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे. आणि मग थांबायचं. हे थांबणंच लोक विसरतात. मीटरमधून करंट परत सुरू झाला की गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) जागे होतात आणि झोपायला वीस-तीस मिनिटं घेतात, काही गाड्यांत त्याहून जास्त, तोवर मीटर एक-दोन अँपिअर दाखवतो अन् माणूस घाबरतो. चांगल्या गाडीत झोपल्यावर ०.०५ अँपिअरच्या आत यायला पाहिजे.

माझं अर्ध्या तासाने ०.२८ वर येऊन थांबलं. हिशोब करा, ०.२८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला पावणेसात अँपिअर-अवरच्या आसपास. रविवार रात्र ते शनिवार सकाळ साडेपाच दिवस, म्हणजे ३७. बॅटरी ३५ ची. बुधवारी गाडी काढली तर मध्ये थोडं भरलं जायचं म्हणून शनिवारी चालू व्हायची. चार महिन्यांचं कोडं त्या एका आकड्याने सुटलं, मी पार्किंगमध्ये जमिनीवर बसूनच होतो.

आता कोण पितंय ते शोधायला एकेक फ्यूज काढायचा, ज्याने आकडा पडला ती लाइन दोषी. डॅशबोर्डखालचे सगळे फ्यूज काढले, काही नाही. बॉनेटमधल्या डब्यातले काढले, काही नाही. आकडा ०.२८ चा ०.२५ झाला फक्त. (फ्यूज काढल्या-लावल्यानेही मॉड्यूल जागे होतात, म्हणून नंतर मी दुसरी पद्धत शिकलो, फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन बारीक टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे, ज्या फ्यूजमधून करंट जातो तिथेच काही दिसतं, बाकी शून्य. हीच पद्धत वापरा, फार सोपी आहे.) मला वाटलं आता अल्टरनेटरचा डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) लीक असेल, कारण तोही फ्यूज बॉक्सच्या आधी असतो, आणि मी चार-पाच हजारांची तयारी करून आमच्या भागातल्या एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो.

त्यांनी गाडी नीट ऐकून घेतली, म्हणजे माझ्याकडून, आणि दोनच गोष्टी विचारल्या. “दसऱ्याच्या आधी गाडीत काय नवीन बसवलं?” आणि “फ्यूज बॉक्सच्या बाहेरून कोणती वायर गेली ते पाहिलं काय?”

दसऱ्याच्या आधी मी ड्रायव्हर सीटखाली एक छोटा ॲम्पसकटचा (ॲम्प्लिफायरसकटचा) वूफर बसवून घेतला होता. त्याची जाड लाल वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून निघून, मध्ये एक छोटा लटकता फ्यूज होल्डर, अन् फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, रबरातून आत. तो फ्यूज गाडीच्या कुठल्याच डब्यात नव्हता, बॅटरीच्या बाजूला काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला होता आणि मी चार महिने त्याच्या वरून हात फिरवत होतो. काकांनी तो फ्यूज काढला, आकडा ०.०३. परत लावला, ०.२८. मग म्हणाले सीटखाली हात घाला. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, रात्रभर उभ्या गाडीतली प्रत्येक वस्तू बर्फासारखी असते, आणि तो वूफरचा डबा कोमट होता. रात्रभर जागा.

कारण असं की अशा ॲम्पला तीन वायर लागतात, बॅटरीचा प्लस, अर्थ, आणि एक बारीक निळी ‘रिमोट’ वायर जी ॲम्पला सांगते की आता जागा हो, आता झोप. बाहेरून घेतलेल्या स्टिरिओला ती निळी वायर मागे दिलेली असते. माझा कंपनीचा स्टिरिओ, त्याला ती नव्हती, तर बसवणाऱ्याने सोप्यात पडतं म्हणून ती बारीक वायर त्या जाड लाल वायरलाच पिळून टेप मारला होता. म्हणजे ॲम्पला चोवीस तास ‘जागा हो’. आवाज येत नाही, लाइट दिसत नाही, कळणार कसं. तसाच दुसरा प्रकार स्टिरिओमध्ये होतो, पिवळी वायर कायम करंटची अन् लाल वायर चावीवरची, आणि कोणी दोन्ही एकत्र पिळल्या की स्टिरिओ कधीच पूर्ण झोपत नाही. वूफर बसवून घेतला असेल किंवा स्टिरिओ बदलला असेल तर आधी हेच पाहा.

काकांनी रिमोटची वायर सिगारेट लायटर सॉकेटच्या लाइनवरून फ्यूज टाकून काढून दिली, कारण माझ्या गाडीत ते सॉकेट चावी काढल्यावर बंद होतं. काही गाड्यांत ते कायम चालू असतं, तिथे हा उपाय चालणार नाही, आधी मीटरने पाहून घ्यायचं. वीस मिनिटांचं काम, अन् त्यांनी जे पैसे सांगितले ते ऐकून मलाच जास्त द्यावेसे वाटले.

ज्यांच्याकडे वूफर नाही त्यांनी काय पाहावं, तर माझ्या अनुभवात अन् काकांनी सांगितल्याप्रमाणे, कायम करंटवर जोडलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर लावतात ते) खोचून विसरलेलं यंत्र, बाहेरून लावलेलं सेंट्रल लॉक किंवा अलार्म, आणि डिक्कीचा लाइट. डिक्कीचा लाइट बंद होतो की नाही हे पाहायला मोबाइल व्हिडिओ चालू करून डिक्कीत ठेवा अन् झाकण लावा, मग काढून पाहा. पाच वॅटचा साधा बल्बसुद्धा ०.४ अँपिअर घेतो, माझ्या वूफरपेक्षा जास्त. चिकटलेला रिलेही (करंटवर चालणारा स्विच) असतो, गाडी बंद असताना हात लावल्यावर गरम लागणारा रिले संशयित समजा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसू नये, त्यांच्याकडेही एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

नागपूरकरांसाठी उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. लोक म्हणतात थंडीत बॅटरी जाते. जाते ती थंडीत, पण मरते मे महिन्यात. पंचेचाळीसच्या उन्हात बॉनेटखाली काय होत असेल विचार करा, आतलं पाणी उडतं, प्लेटची जाळी गंजते, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण अर्धं होतं असा ठोकताळा आहे. तशी कमजोर झालेली बॅटरी पावसाळा काढून नेते आणि डिसेंबरच्या पहिल्या गारठ्यात, जेव्हा ऑइल घट्ट झालेलं असतं अन् सेल्फला जास्त जोर लागतो, तेव्हा हात वर करते. म्हणून झाकणवाली बॅटरी असेल तर घरात कूलर काढायचा दिवस तोच बॅटरीचं पाणी पाहायचा दिवस ठरवून टाका, आणि मग जूनपर्यंत दर महिन्याला. फक्त डिस्टिल्ड वॉटर, नळाचं नाही, आरओचंही नाही, प्लेट बुडतील एवढं आणि गळ्यापर्यंत नाही. सील्ड बॅटरीला हे करता येत नाही, तिचं व्होल्टेजच पाहायचं. गाडी झाडाखाली किंवा शेडमध्ये लावता आली तर लावा, खरंच फरक पडतो.

नवी बॅटरी घ्यायचीच असेल तर तिच्यावरचा बनल्याचा महिना पाहून घ्या, दुकानात सहा-आठ महिने पडलेली नको, आणि प्लस-मायनसची बाजू तुमच्या जुन्या बॅटरीसारखीच असू द्या, नाहीतर वायर ताणून लावतात अन् तीच पुढे सैल होते. आणि जुनी काढायच्या आधी लीकेज मोजून द्यायला सांगा. नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानात जा.

बॅटरी काढल्यावर घड्याळ, काचांचं ऑटो अप-डाऊन परत सेट करावं लागतं, काही स्टिरिओ कोड मागतात, तो आधीच लिहून ठेवा. पहिले एक-दोन दिवस आयडलिंग थोडं वरखाली वाटेल, आपोआप बसतं.

माझ्या नव्या बॅटरीचं नुकसान मात्र झालं, ती पाच-सहा वेळा पूर्ण उतरली होती. काकांकडे दोन दिवस ठेवून हळूहळू चार्ज करून घेतली. फेब्रुवारीत आम्ही रेल्वेने पुण्याला गेलो, लग्न होतं, गाडी बारा दिवस पार्किंगमध्ये तशीच उभी होती. परत आलो त्या सकाळी सामान वर नेण्याआधी मी बॉनेट उघडून मीटर लावला, १२.३९. एका सेल्फमध्ये चालू.